फुटक्या बंबांचा माणूस

“वहिनी, फेकू नका! आधी मले दाखवा!”

एक पाय जमिनीवर, दुसरा सायकलच्या पायडलवर. नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या घरामागच्या खोलीत राहणारा हा भाडेकरू सायकल स्टँडवर लावताना मी कधी पाहिला नाही. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. गोदामातली कारकुनी सुटली की तो भंगार धुंडाळायला कबाड्यांकडे पळे.

“काहून बसत नाही जी घडीभर?” मी दाराआडून विचारी.

“बसतो न वहिनी,” म्हणता म्हणता तो कोपऱ्यावर पोहोचलेला असे.

त्याला घोर होता उमरेडच्या मित्राचा. दोघे हौशी रेडिओवाले, सरकारी परवाना काढून आपसात बोलणारे. खाणीत कंबर मोडली तेव्हापासून मित्र अंथरुणावर. मोठा संच विकला गेला, आणि उरलेल्या लहानग्या संचाचा आवाज नागपूरपर्यंत येईना.

“भिंतीशी बोलून राहिला असंल तो,” हा म्हणे, आणि पुन्हा सायकलवर.

शेवटी त्याने ठरवलं, वाडीजवळच्या टेकडीवर असं यंत्र बसवायचं, की ते मित्राचा बारीक आवाज ऐकेल आणि त्याच क्षणी मोठ्याने पुढे सांगेल. सदर बाजारातल्या कबाड्याकडून त्याने लिलावातले दोन जुने बिनतारी संच आणले. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने बोलायचं. माझ्या चुलीपाशी एक ऐकायचा डबा ठेवला.

“उमरेड बोललं तर गच्चीवर लाल लुगडं टाका. मी टेकडीवरून दुर्बिणीतून पाहतो.”

डब्यातून नुसती खरखर आली. यंत्र स्वतःच्याच आवाजाने बहिरं झालं होतं. आवाज गाळायला तांब्याच्या रुंद नळ्या हव्यात, असं तो म्हणाला. माझा पाणी तापवायचा फुटका बंब पाहून त्याचे डोळेच चमकले. मग वाडीभरचे फुटके बंब आमच्या अंगणात आले.

“न्हाणीघर काढतं का गा?” आमचे हे म्हणाले. “त्यापेक्षा बायको आण न बाप्पा!”

“आधी उमरेड, मंग बायको!”

बंबांच्या मधल्या नळ्यांना त्याने कासाराकडून झाकणं लावून घेतली आणि त्या टेकडीवर नेल्या. दुपारी मी वरणाला फोडणी देत होते.

“कोणी ऐकून राहिलं का?” डबा बोलला.

फोडणी जळाली. लाल लुगडं बादलीत होतं, ते तसंच ठिबकत गच्चीवर टाकलं. तो धापा टाकत आला, अंगणात सायकल टाकून खोलीतून आपला संच घेऊन आला.

“ऐकून राहिलो गा. बोल.”

पलीकडून आवाज आला, “लेका, इतके दिवस कुठं मेला होता?”

तो माझ्या उंबऱ्यावर बसला. चहा निवला तरी उठला नाही.

पुढे गोदामाच्या मालकाने त्याला कायमचं रायपूरच्या गोदामावर धाडलं. सामानाच्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरशेजारी, बॅटरीला संच जोडून तो बोलत निघाला. मी चुलीपाशी दोघांनाही ऐकत होते.

“कुठं पोहोचला?”

“पारडी नाका.”

“आता?”

“मौदा येऊन राहिलं...” टेकडीवरच्या यंत्राची पोच तिथे संपली, पुढचं खरखरीत गेलं.

“बोल न गा,” उमरेड म्हणालं. “मी हावो इथं. बोल न.”

स्वयंपाक झाला, सगळे जेवून उठले. मी डबा बंद केला नाही.