तीनदा धुतलेला पालक

तरुणपणी मी स्वतःला भाजीतली मोठी जाणकार समजायचे. बाजार सोडून नाल्याकाठच्या मळ्यात जायचे, सगळ्यांत हिरवीगार जुडी निवडायचे, मिठाच्या पाण्यात तीनदा धुऊन लेकीला पालकाचं सूप भरवायचे. नाल्यात कारखान्यांचं पाणी येतं नि तेच मळ्याला दिलं जातं हे दिसत होतं, पण या शहाणीला वाटे, धुतलं की झालं. मुळांतून पानांत शिरलेलं शिसं मिठानं कसं निघणार?

आज ओट्यावर निथळणाऱ्या पालकाच्या हिरवेपणाचीच भीती वाटली. दुसऱ्या बाळंतपणाला आलेल्या त्याच लेकीला माझा जुना शहाणपणा हसत हसत सांगितला. ती हसली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, “आई, शिसं हाडांत साठून राहतं म्हणे. मग ते माझ्यातून बाळाला जाईल का गं?”