हळदीच्या पोत्याखालची नोटीस

खोटं कशाला बोलू, चूक माझीच होती. "सून जेवाया देत न्हाई, तिला माझ्या घरातून काढा," असा अर्ज मी वसमतला प्रांतसाहेबांकडं केला. म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी तेच ऐकतात. सुनेच्या नावाची नोटीस घेऊन कोतवाल आला, तेव्हा ती रानात होती. घरातला कागद मोठ्या माणसानं घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी सही केली अन् नोटीस हळदीच्या पोत्याखाली सारली.

तारखेला साहेबांनी विचारलं, "सून का आली नाही? मला तिचंही ऐकायला हवं. नोटीस मिळाली ना तिला?"

"व्हय साहेब, बराबर मिळाली," मी म्हणले.

हुकूम निघाला, सुनेनं महिन्याभरात घर सोडायचं.

तो वाचून सून माझ्यापुढं बसली. "आत्याबाई, मला एकदा बोलू तरी द्यायचं होतं. डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलं म्हणून गुळाचा डबा कुलपात ठेवला. भाकरीला कधी न्हाई म्हणले का?"

हे मला ठाऊकच होतं की! म्हणून तर नोटीस दडवली.

दुसऱ्या दिवशी दोघी वसमतला गेलो. पिवळा पडलेला कागद साहेबांपुढं ठेवून म्हणले, "हिला मिळालीच न्हाई. मीच दडवली. आता हिचं ऐका."

साहेब माझ्यावर लई चिडले, पण हुकूम थांबवून त्यांनी सुनेला खुर्ची दिली. ती बोलत राहिली, मी खाली मान घालून ऐकत राहिले.

येताना एसटीत तिनं मला खिडकीची जागा दिली. बोलली मात्र न्हाई.