पायाखालची माती

आमच्या हिंडलग्याकडं बेसबॉल म्हटलं की लोक विचारतात, "म्हंजे क्रिकेटच की?" समजावून सांगणं मी केव्हाच सोडलं. मी आउटफिल्डर होतो. मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं आणि उंच आलेला बॉल पळत जाऊन झेलायचा, एवढंच काम. तेवढ्या जोरावर राज्याच्या संघात खेळलो आणि पगार देणाऱ्या लीगच्या निवड चाचणीपर्यंत पोचलो. पोट भरेल असं दुसरं काही मला येत नव्हतं.

गावात ज्या माळावर शिकलो, त्याला भिंत नव्हती. माळ संपला की बटाट्याचं रान. रानात शिरून झेललं तरी आऊट, हा आमचा नियम. नजर बॉलवर असायची, त्यामुळं मैदान संपलेलं पायांनाच कळायचं. भुसभुशीत माती लागली की आणखी जोरात पळायचं. रानाचा मालक शिव्या घालायचा, पण झेल बघायला बांधावर तोच आधी येऊन बसायचा.

मोठ्या मैदानात भिंतीच्या अलीकडं मातीचा पट्टा असतो. गवत संपून माती लागली की थांबायचं, पुढं भिंत आहे. कोचनं हे सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं होतं. पण ते कळलं डोक्याला, पायांना कुठलं कळतंय? चाचणीत बॉल डोक्यावरून निघाला, मी वळलो, पायाला माती लागली आणि मी जोर वाढवला.

भिंतीवर आदळलो. ज्या हातानं फेकायचो, त्याच हाताचा खांदा गेला. माझा एकही सामना न बघितलेले माझे वडील, आप्पा, दवाखान्यात आले.

"बॉल धरलास न्हवं?"

"न्हाय आप्पा. भिंतीवरनं पार पलीकडं गेला."

"म्हंजे तुला घावणारच नव्हता?"

"न्हाय."

"मग पळालास कशाला रं?"

मी भिंतीकडं तोंड करून रडलो.

आता निपाणीतल्या एका शाळेत पीटीचा सर आहे, तोही हंगामी. हात खांद्याच्या वर जात नाही. बॉल माझ्याकडं आला की पायानं परत ढकलतो. पोरांना वाटतं, सर लई आळशी. पण त्यांनी बॉल उंच मारला की माझे पाय आपसूक निघतात. खेळ संपला, हे डोक्याला कधीच कळलंय. पायांना सांगायचा धीर मला अजून होत नाही.