येळवशीला तीन होकार

एके दिवशी सकाळी अख्खं लातूर रिकामं झालं आणि ही गोष्ट माझ्या यादीत नव्हती.

जिल्हा नवा झाला तेव्हा ह्यांची नांदेडहून लातूरच्या कचेरीत बदली झाली. सोबत मी आणि माझी धाकटी नणंद कुंदा. सासू-सासरे नव्हते, म्हणून कुंदाचं लग्न जमवणं हे काम माझ्याकडे. तीन स्थळं हातची गेली होती आणि चौथ्यांदा नकार ऐकायची तिची तयारी नव्हती. तसं तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं. "वहिनी, एवढं शेवटचं. मग मी शिवणाचा क्लास काढते."

चौथं स्थळ मात्र मोत्याच्या दाण्यासारखं. मुलगा विष्णुपुरीला धरणाच्या कामावर ओव्हरसियर, आई मुख्याध्यापिका. कार्यक्रमाची तारीख मी काढली. ह्यांच्या कचेरीला एका दिवसाची स्थानिक सुट्टी होती. तीच धरली. "त्या दिवशी अमावस्या आहे," हे म्हणाले. मुख्याध्यापिकाबाईंनी उलट निरोप पाठवला, "आम्ही असलं मानत नाही." झालं! सुट्टी नेमकी कशाची, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

त्याच आठवड्यात मला तीन आमंत्रणं आली. पहिलं घरमालकीण गयाबाई मावशींचं. "पोरी, येळवशीला रानात ये जेवाया." मी म्हटलं, "येते की!" दुसरं पलीकडच्या कांबळे गुरुजींचं, तिसरं समोरच्या रज्जाकचाचांचं. त्यांनाही मी म्हटलं, "येते की!" आमच्या नांदेडला "या जेवायला" म्हणायचं असतं आणि "येतो की" म्हणायचं असतं, आणि मग दोघांनी आपापल्या घरी जेवायचं असतं. त्यातून मी सगळ्या शेजाऱ्यांची नीट यादीच केली होती: कोण काय खातं, कोणाचे सण कोणते, कोणाला काय चालत नाही. (अशी यादी करणारी बाई स्वतःला फार समंजस समजते.) येळवस हा शब्द मी गयाबाईंच्या रकान्यात लिहिला. गुरुजी बौद्ध आणि चाचा मुसलमान, तेव्हा त्यांच्यापुढे लिहिलं, 'लागू नाही. केवळ शिष्टाचार.'

तर अमावस्येच्या सकाळी गवळी आला नाही. पेढ्याचं दुकान बंद. भाजीबाजारात एक गाय बसलेली, तीसुद्धा कंटाळून. दुष्काळाचे दिवस, चार दिवसांआड टँकर यायचा आणि आज त्याची पाळी होती. तोही नाही! चौकशी केली तर कळलं, ड्रायव्हर रानात गेलाय. आज येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, म्हणून अख्खं गावच रानात गेलंय!

घरात दीड घागर पाणी, दूध शून्य, आणि दारात जीप येऊन उभी. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मामांनी उतरताच विचारलं, "चहा होईल ना?"

तेवढ्यात गयाबाई डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन अंगणात आल्या. "चला, आवरा!"

"मावशी, आज पाहुणे आलेत."

"मग पाव्हन्यासगट चला! येते म्हणली होतीस की. तू आल्याबिगर आमी ताट वाढतोय व्हय?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "जाऊ या की. जीप आहेच." चहाचा प्रश्न मिटला म्हणून कुंदा आणि ह्यांच्यासकट मीही चढले.

रेणापूरच्या रस्त्याला गयाबाईंचं रान. ज्वारी गुडघ्याएवढी, कणसात दाणा बेताचाच. पण कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभारलेली, आत पाच दगडांना चुना लावून पाच पांडव मांडलेले. पूजा झाली आणि पत्रावळीवर आली भज्जी. म्हणजे रानातल्या झाडून साऱ्या शेंगा आणि पालेभाज्यांची एकच दाट भाजी! वर बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाची खीर आणि तांब्याने वाढलेली ताकातली आंबील. पाहुणे तुटून पडले. मामा तर म्हणाले, "चहा झाला नाही हे बरंच झालं!" मला वाटलं, जमलं.

इतक्यात बांधावरून सायकल ढकलत गुरुजी आले. "ताई, आमी कवाधरनं वाट बघायलोय! मंडळी उपाशी बसलीय की."

"गुरुजी," मी हळूच म्हटलं, "मला वाटलं, हा सण तुमचा..."

"पूजा आमी करत न्हाई. भूक लागती पर आमाला!" गुरुजी हसले. "रानाचा सण हाय ताई. ज्याचं रान, त्याचा सण."

आता नाही कसं म्हणणार? गुरुजींच्या बायकोने, सोजरबाईंनी, पहाटेपासून चुलीपुढे बसून सगळं रांधलं होतं. विहीर आटलेली. आंबिलीसाठी लागलेलं पाणी त्यांनी दोन घागरी लांबून डोक्यावर आणलं होतं, आणि मी शहाणीने ते आमंत्रण शिष्टाचारात जमा केलं होतं! त्यांच्या रानात जाऊन गुपचूप पान पुढे ओढलं. पुन्हा भज्जी, पुन्हा उंडे, पुन्हा आंबील. मुख्याध्यापिकाबाईंनी पदर खोचून खाल्लं. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र धरण काठोकाठ भरल्याची चिन्हं दिसू लागली.

आणि मग शेजारच्या बांधावर हाताची घडी घालून उभे असलेले रज्जाकचाचा दिसले.

"आओ बेटी! कबसे राह देखरे हम!"

"चाचा, खरंच आता जागा नाही हो पोटात."

"उनके पास खाए, हमारे पास नई? रान कू थोडीच मालूम कौन किसका!"

मामांनी पट्टा दोन भोकं सैल केला आणि शूरासारखे निघाले. तिसऱ्या रानात मुख्याध्यापिकाबाई कोपीला टेकून बसल्या आणि बसल्या बसल्या घोरायला लागल्या. मुलगा उंड्याकडे शत्रूसारखा बघत होता. कुंदा खाली मान घालून बसली होती. मनात मी शिवणाच्या क्लासची पाटी रंगवायला घेतली.

माझ्या हातात तुडुंब भरलेला आंबिलीचा पेला. एक थेंबही जाणार नव्हता. कोणी बघत नाही असं बघून मी मागे सरकले आणि सगळी आंबील हळूच ज्वारीच्या बुडात ओतली.

"अगे देखो तो!" चाची आनंदाने ओरडल्या. "नांदेड की बेटी ने अपने हाथ से रान कू आंबील दी!"

त्या दिवशी पिकावर आंबील शिंपडायची असते म्हणे! भरपूर पीक येतं म्हणून. चाचांनी दुवा मागायला दोन्ही हात वर केले, गयाबाई आणि सोजरबाई बांधावरून धावत आल्या, सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि चाचींनी पेला पुन्हा काठोकाठ भरला. "अब तू पी बेटी."

हे बघून कुंदा हसली. साधंसुधं नाही, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, बांधावर बसकण मारून! पाहायच्या कार्यक्रमातली मुलगी! त्या आवाजाने मुख्याध्यापिकाबाई जाग्या झाल्या. त्यांनी कुंदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पेल्याकडे पाहिलं आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसल्या. तसेच ते नांदेडला गेले.

मी दोन रात्री झोपले नाही. कुंदा शिवणाच्या क्लासचा हिशोब मांडत होती, हे कचेरीतून उशिरा येत होते. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. कुंदाने हात मागे घेतला, म्हणून मीच फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

'मुलगी पसंत आहे. आजवर पाहिलेल्या घरांतून सगळं इतकं नीटनेटकं मांडलेलं असे, की मुलीच्या स्वभावाचा थांग लागत नसे. तुमच्याकडे तो लागला. अशा वहिनीच्या हाताखाली राहूनही जी मुलगी एवढी खळखळून हसते, ती कुठल्याही घरात सुखाने नांदेल.'

कुंदाने ते पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि पाच वेळा वाचलं. मी पेढे आणायला धावले. दुकानदाराला सांगितलं, "नणंदेचं लग्न जमलं, आणि मुलाच्या आईने माझी खास दखल घेतलीय!" घराच्या वळणावर पोहोचेपर्यंत मला त्यात कौतुकच दिसत होतं. तिथे पत्रातला 'राहूनही' हा शब्द आठवला.