ताशी बाराने गाडी काय करते

किन्हवलीचा कमळाकर घुडे सुकट विकायचा. नुसती सुकट नाही; बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे, म्हणजे अख्खा सुका बाजार. कल्याणहून माल उचलायचा, दोन टोपल्या फटफटीच्या मागे आवळायच्या आणि आठवड्याचे बाजार पालथे घालायचे. शहापूर, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, मुरबाड. एक्याण्णव सालापासून हेच चाललेलं. फटफटी दिसायच्या आधी वासाने कळायची. शहापूरच्या एस.टी. स्टँडबाहेर माझा पेपरचा स्टॉल आहे. वारा त्याच्या बाजूने असला की तो वळणावर असतानाच मी त्याचं स्टूल बाहेर काढून ठेवायचो. जरा लांबच ठेवायचो.

त्याला वाचायचं वेड होतं, पण एकाच गोष्टीचं. ‘सुसाट’ नावाचं गाड्यांचं मासिक यायचं मुंबईहून, ते तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा, फुकट. त्याने हाताळलेला अंक नंतर कुणी घ्यायचं नाही. न खपलेले अंक परत पाठवले की मुंबईचा एजंट फोनवर विचारायचा, “शहापूरकर, तुमचा स्टॉल मासळी बाजारात आहे काय हो?”

सत्त्याण्णव साली त्याच मासिकाने त्याला खड्ड्यात घातलं. अगदी खऱ्याखुऱ्या खड्ड्यात. शंभर सीसीची एक नवी गाडी आली होती. ‘सुसाट’ने लिहिलं की हिचं सस्पेन्शन मखमली आहे, खड्डे जाणवतच नाहीत. कमळाकरने शब्दावर विश्वास ठेवला. जुनी फटफटी मेहुण्याला दिली, नवी घेतली. चौथ्या महिन्यात डोळखांबच्या चढावर मागे बायको बसलेली, दोन्ही अंगांना टोपल्या, आणि सीटखालचा पाइप जोडापाशी कडाडकन तुटला. प्रेमावहिनी गटारात, तिच्या अंगावर दहा किलो जवळा, आणि मनगट मोडलेलं. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, “मखमलीवर पडले म्हणून वाचले. नायतर मेलेच असते.”

कमळाकरने ‘सुसाट’ला पत्र लिहिलं. गाडीवर माल लादून, मागे माणूस बसवून, आमच्या रस्त्यावर तुम्ही ही गाडी चालवली होती का, एवढंच विचारलं. उत्तर आलं नाही. मेहुण्याच्या हातापाया पडून जुनी फटफटी परत आणली. प्रेमावहिनीचं मनगट बसलं, पण वाकडं बसलं. भाकरी थापताना ते दिसायचं आणि त्याला ते रोज बघायला लागायचं.

तेव्हापासून तो ‘सुसाट’ वाचायचा तो दात ओठ खात.

दोन हजार आठच्या जानेवारीत एका हजार सीसीच्या जपानी गाडीचं परीक्षण आलं. चार पानं, रंगीत. लिहिणारा निहार सबनीस, मासिकाचा मुख्य परीक्षक. त्यात वाक्य होतं, ‘ताशी दोनशे नव्वदलाही ही गाडी खडकासारखी स्थिर राहते.’ कमळाकरने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, स्टॉलवरचं पेन उचललं आणि पोस्टकार्ड लिहिलं:

‘आपली गाडी दोनशे नव्वदने काय करते ते वाचून आनंद झाला. ताशी बाराने, किन्हवलीच्या बाजारात, समोर म्हैस आणि मागे एस.टी. असताना काय करते ते लिहायचे राहिले. कळवावे.’

या वेळी उत्तर आलं, छापून. सबनीसने लिहिलं होतं की अशा गाड्यांचं परीक्षण सामान्य स्वाराने करू नये, सर्जनच्या सुरीबद्दल कांदा चिरणाऱ्याला विचारण्यात अर्थ नसतो.

कमळाकरने दुसरं कार्ड टाकलं: ‘कांदा चिरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरी येते. आपण काहीही चिरले तरी आपल्या डोळ्यांत जाहिरातच दिसते.’

तीन अंक हे भांडण चाललं. शहापुरात ‘सुसाट’चे सहा अंक यायचे ते वीस येऊ लागले. मुंबईला पण खप वाढला असावा, कारण एप्रिलमध्ये सबनीसचा फोन स्टॉलवर आला. मी तीच गाडी घेऊन येतो, घुडेंना चालवायला देतो, त्यांनी पाचशे शब्द लिहावेत. एक शब्द बदलणार नाही.

कमळाकरला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. भांडायला त्याला आवडत होतं. जिंकायची तयारी नव्हती.

मे महिन्याच्या एका सकाळी नऊ वाजता स्टँडसमोर टेम्पो थांबला. आतून लालभडक गाडी उतरली आणि तिच्यामागून निहार सबनीस उतरला. तिशीचा गोरा पोरगा, अंगात चामड्याचा सूट. शहापूरचं मेचं ऊन आणि अखंड चामडं! दहा मिनिटांत त्याच्या कानांतून वाफ निघते की काय असं वाटायला लागलं. कमळाकर आपल्या लग्नातला सफारी घालून आला होता. प्रेमावहिनीने त्याला दोनदा साबण लावून आंघोळ घातली होती. उपयोग शून्य.

“घुडेकाका,” सबनीस म्हणाला, “सरळगावपर्यंत जायचं आणि परत यायचं. चार हजार आरपीएमच्या वर न्यायची नाही. कंपनीची गाडी आहे.”

“आणि मागं माणूस बसवून बघायचा का नाय?”

“या गाडीवर मागे कुणी बसत नाही.”

“मग सीट कशाला ठेवलीय? पूजेला?”

प्रेमावहिनी पदर खोचून पुढे आली. गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मागची सीट हाताने चाचपली आणि वर चढून बसली. स्टँडच्या फाटकापर्यंत जाऊन नवरा-बायको परत आली. उतरून तिने निकाल दिला, “ही जागा चिमणीची हाय. चिमणीला पन नवऱ्याच्या गळ्यातच पडाया लागंल.” गर्दी हसली. सबनीसने मात्र खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. तिथे मला तो पहिल्यांदा बरा वाटला.

मग कमळाकर एकटा गेला.

तासाभरात यायला हवा होता. दहा वाजले, अकरा वाजले. सबनीसने सूट कमरेपर्यंत सोलला आणि माझ्या स्टॉलसमोर येरझाऱ्या घालू लागला. “पडले असतील का हो?” असं त्याने मला सात वेळा विचारलं. आठव्यांदा म्हणाला, “मी कंपनीला सांगितलेलंच नाहीये, गाडी दुसऱ्याला देतोय म्हणून.” तेव्हा मात्र मलाही घाम फुटला. गाडीचं जाऊ द्या, प्रेमावहिनी तिथेच बाकावर बसली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून.

सव्वाबाराला तो आला. हळू, अगदी वीसने. गाडी मातीने माखलेली, सफारी भिजून अंगाला चिकटलेला. त्याने गाडी थांबवली, आजूबाजूला बघितलं, एक चपटा दगड पायाने ओढून गाडीच्या साईड स्टँडखाली सरकवला आणि मगच उतरला. उतरला तो थेट खाली बसला.

सबनीस गाडीजवळ गेला आणि मागे सरला. “हा वास कसला?”

“एक किलो बोंबील होतं,” कमळाकर म्हणाला. “टोकावड्याच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर. तिकडं चाललोच होतो तर रिकामा कशाला जाऊ?”

“टोकावडे? मी सरळगाव म्हटलं होतं!”

“चुकलं माझं. तुमी सांगितलं, मी मोडलं.” तो हे खाली मान घालून म्हणाला, आणि सबनीसचा अर्धा राग तिथेच गेला. उरलेला अर्धा वासामुळे टिकून होता.

मी पाणी दिलं. तांब्या रिकामा करून कमळाकर बोलायला लागला. किन्हवलीच्या बाजारात इंजिनाचा पंखा सुरू झाला आणि डाव्या मांडीवर भाकरी भाजून निघाली असती. आरशात फक्त आपली कोपरं दिसतात, मागून एस.टी. आली तर ती देवाच्या भरवशावर. साईड स्टँडचा पाय एवढासा, मातीत रुततो, म्हणून दगड. पण ब्रेक! सरळगावच्या अलीकडे म्हैस आडवी आली. “माझ्या फटफटीवर असतो तर मी म्हशीच्या पोटात असतो. ही गाडी म्हशीच्या अलीकडं उभी. म्हशीनं वळून बघितलं पन नाय. असा ब्रेक मी जल्मात नाय बघितला. तुमी चार पानांत ब्रेकला दोन ओळी दिल्यात, सायेब. हे वाईट केलंत.”

“अजून?” सबनीसने विचारलं. तो आता जमिनीवरच बसला होता, वही मांडीवर.

“हँडल पूर्ण वळवा.”

“का?”

“वळवा तर.”

सबनीस उठला, हँडल टोकापर्यंत वळवलं आणि किंचाळला. अंगठा हँडल आणि टाकीच्या मध्ये चेंगरला होता.

“टोकावड्यात गल्लीत वळवताना माझा सापडला,” कमळाकर म्हणाला. “क्लच सुटला असता तर गाडी किराणा दुकानात जात होती. चार-पाच महिने तुमच्याकडं हाय ना गाडी?”

“मला कधी...” सबनीस अंगठा चोखत थांबला. “मला गाडी नेहमी तोंड फिरवूनच मिळते. वर्कशॉपची माणसं फिरवतात.”

मग सबनीसनेच विचारलं, “आणि वेग?”

कमळाकरने प्रेमावहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “सरळगावच्या पुढं मोकळा रस्ता लागला. मी पिळली. एकशे वीस झाले. तिथपर्यंत मी गाडी चालवली, शपथेवर सांगतो. त्याच्या पुढं काटा गेला, कुठं गेला मला ठावं नाय. मी रस्ता बघत होतो, रस्ता माझ्याकडं बघत नव्हता. कोण ओरडतंय म्हणून बघितलं तर मीच. मग सोडली आणि झाडाखाली अर्धा तास बसून राहिलो. त्याच्याबद्दल माझं मत घेऊ नका, सायेब. मी तिथं नव्हतो.”

प्रेमावहिनी उठली, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि परत जाऊन बसली.

“म्हणजे मी म्हणत होतो तेच,” सबनीस म्हणाला, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. “अशा गाडीचं खरं परीक्षण सामान्य माणसाला जमत नाही.”

“कबूल. आता तुमी सांगा. तुमी किती केलेत?”

सबनीस वहीत काहीतरी खोडत राहिला.

“दोनशे नव्वद?” कमळाकरने विचारलं.

“एकशे ऐंशी,” सबनीस म्हणाला. “एकदाच. सहा सेकंद. नंतर मी पण बसलो होतो, टोल नाक्याच्या संडासात.”

“मग ते खडकासारखं?”

“कंपनीच्या कागदावर होतं.”

मी हसलो. मला आवरलं नाही. कमळाकर हसला नाही. दहा वर्षं ज्याची वाट बघितली ते कबूल झालं होतं, आणि तो त्या पोराच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघत होता. “म्हंजे तुमी माझ्यापेक्षा साठानंच कमी सामान्य,” तो म्हणाला. “सुदाम, सायबाला बर्फ आन.”

मी समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला. मग कमळाकरने त्याला सत्त्याण्णवची गोष्ट सांगितली. सबनीस तेव्हा कॉलेजात होता, ते परीक्षण त्याचं नव्हतं. तरीही तो उठून प्रेमावहिनीपुढे गेला आणि म्हणाला, “काकू, मासिकाच्या वतीने माफी मागतो.” ती म्हणाली, “तुझी नको रं बाबा. जेवलास का?”

जुलैच्या अंकात कमळाकरचं परीक्षण आलं. शब्द बदलला नव्हता, शुद्धलेखनसुद्धा. ते मला अजून थोडं पाठ आहे: ‘ही गाडी माझ्यासाठी नाही. पण घेणाराही माझ्यासारखाच असणार. तो रोज सिग्नलला उभा राहणार, गल्लीत वळणार, बायकोला बसवून बघणार. दोनशे नव्वद तो फक्त मित्रांना सांगणार. म्हणून सांगण्यापुरती गाडी उत्तम आहे. ब्रेक मात्र खरे आहेत.’

त्याच्याखाली सबनीसने आपल्या जानेवारीच्या परीक्षणाची दुरुस्ती छापली होती, एकशे ऐंशीच्या आकड्यासकट. संडासाचा उल्लेख गाळला होता.

गोंधळ व्हायचा तो झालाच. निम्म्या वाचकांनी लिहिलं, सुकटवाल्याला हाकला. निम्म्यांनी लिहिलं, सबनीसला हाकला, सुकटवाल्याला ठेवा. कंपनीने वासापायी सीट बदलायला लागली असं पत्र पाठवलं आणि ‘सुसाट’ला मोठ्या गाड्या देणं बंद केलं. मालकाने सबनीसला झापलं. पण पत्रांचे गठ्ठे येत होते, म्हणून काढून टाकलं नाही. छोट्या गाड्यांची जबाबदारी दिली, शिक्षा म्हणून.

शिक्षा त्याला मानवली. पुढची दोन वर्षं तो दर दीड महिन्याला कुठलीतरी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी घेऊन किन्हवलीला यायचा. चामड्याचा सूट गेला, पायात चप्पल आली. कमळाकर टोपल्या बांधायचा आणि सबनीसला डोळखांबच्या चढावर पाठवायचा. पहिल्या दोन खेपांना तो मालासकट आडवा झाला. तिसऱ्या खेपेला चढला, आणि वरच्या पाड्यातल्या बायांनी त्याला सुकटवाला समजून भाव विचारला. त्याने भाव चुकीचा सांगितला. कमळाकर आठवडाभर निस्तरत होता.

नऊ साली दिवाळीला कमळाकरने स्वतःसाठी नवी गाडी घ्यायची ठरवली. मुरबाडच्या शोरूममध्ये मीही गेलो होतो. सेल्समनने चावी दिली, म्हणाला, “काका, एक चक्कर मारून या.” कमळाकरने बाहेर उभ्या रिक्षातून वाळूने भरलेल्या दोन गोण्या काढल्या, आणलेल्या दोरीने मागे आवळल्या. मध्ये प्रेमावहिनी बसली, पिशवी मांडीवर.

“अहो, हे काय करताय?” मॅनेजर काचेतून धावत आला.

“बघतोय,” कमळाकर म्हणाला आणि गिअर टाकला. मॅनेजर टाय सावरत त्यांच्यामागे पळाला. बाजारपेठेच्या कोपऱ्यापर्यंत पळाला, मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पुढे रस्ता उखडलेला होता, आणि कमळाकर मुद्दाम त्याच बाजूने चालला होता.