तहकूब सभेची दुपार

बाळांनो, तुमच्या तिकडे सरकारला कर्जाची मर्यादा वाढवून मिळेना, त्यामुळे बाबाचा सरकारी पगार अडकणार, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. धाकटीने विचारलं, "आजी, खर्च करताना सगळे हो म्हणतात, मग पैसे द्यायच्या वेळी का भांडतात?" ते फोनवर सांगण्याइतकं छोटं नाही. आता व्यवस्थित लिहिते.

शिंगणापूरजवळच्या आपल्या गावातही जुन्या घरांना दारं नाहीत, हे तुम्ही पाहिलंय. नुसती चौकट आणि पडदा. नवी पाइपलाइन मंजूर करताना ग्रामसभेत झाडून सगळ्यांनी हात वर केले होते. पाइप पुरले, नळ बसले. मग कंत्राटदाराचं उरलेलं बिल द्यायला पंचायतीकडे पैसे नव्हते, आणि कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेपर्यंत कर्जही काढून झालेलं. त्यापुढे जायला ग्रामसभेचा ठराव आणि वरची मंजुरी हवी. त्यावरून दोन गट भांडत बसले. कंत्राटदाराने पाणी चढवायची मोटार काढून नेली. प्यायला टँकर येऊ लागला.

पाणी आलं तर कळावं म्हणून लोक नळ उघडे ठेवत. दुपारी जमिनीवरचे रिकामे पाइप तापत आणि आतली हवा नळांतून बाहेर पडे, संथ, लांब. दारं नसल्यामुळे प्रत्येक घराचा तो सुस्कारा रस्त्यावर ऐकू येई.

गावाला पाणी सोडणारा माझा जुना विद्यार्थी. कित्येक महिने बिनपगारी. ठरावात त्याचा पगारही होता. पहिली सभा माणसं कमी म्हणून तहकूब झाली, तेव्हा तो घरी आला.

"बाई, उद्या ठराव झाला तर ऱ्हातो. न्हाई तर परवा टोळीसंगं ऊस तोडायला. पोरीला घेऊनच जावं लागंल. मग शाळा सुटलीच तिची."

"उद्या येतील रे लोक."

"कोन येतंय? हजेरीवर सही केली की कर्ज आपल्या सातबाऱ्यावर चढतं म्हनत्यात."

मी हसले. "पंचायतीचं कर्ज लोकांच्या जमिनीवर कसं चढेल?"

"तुमी हसा. तुमाला कुठं जमीन हाय?"

गावाला वाटत होतं, आपण गेलो नाही की ठराव आपोआप बारगळेल. तहकूब सभेला माणसांच्या संख्येची अट नसते, हे कुणी वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी निघाले. उकाड्यामुळे पडदे वर खोचलेले होते. प्रत्येक चौकटीआड अख्खं घर बसलेलं, रस्त्याकडे बघत. एरवी "बाई, चहा घेऊन जा" असं चार ठिकाणी ऐकू येतं. त्या दिवशी एका पोराने "आज्जी" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यावर लगेच कुणाचा तरी तळवा आला. पुढे गल्लीभर फक्त नळ.

देवळाच्या सभामंडपात गावभराच्या सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यावर आम्ही पाच जण: सरपंचबाई, ग्रामसेवक, पाणी सोडणारा, देऊळ झाडणारी म्हातारी आणि मी. सरपंचबाईंनी डोळे मिटून हजेरीवर सही केली.

"ठरावाच्या बाजूने?" ग्रामसेवकाने विचारलं. आमचे हात वर गेले.

"विरोधात?"

नियमाप्रमाणे तो थांबला. गल्लीतून एकदम सगळे नळ सुस्कारले. आम्ही पाचही जणांनी मागे वळून पाहिलं.

"हे लिहायचं का?" ग्रामसेवक हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही.

परतताना एका पडद्याआडून बाईचा आवाज आला, "बाई, झाला का ठराव?"

"झाला."

"कुनाच्या नावावर चढलं?"

कायदा समजावून सांगता आला असता. इतकी वर्षं तेच तर केलं. पण मी म्हणाले, "माझ्या."

आत कुणीतरी सोडलेला श्वास ऐकू आला. मग शेजारच्या घरात. मग त्यापुढच्या. ते नळ नव्हते.

पाणी सोडणारा गावातच राहिला. मुलगी शाळेत जाते. मंजुरी अजून यायची आहे. पाण्याची चावी गंजू नये म्हणून तो रोज सकाळी जाऊन ती फिरवतो. मला लोक वाट देतात, पण मी जवळ आले की पडदे खाली येतात.

परवा मी तलाठ्याकडे गेले. माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तरी सातबाऱ्याचा उतारा मागितला.

"बाई, तुमच्या नावावर काहीच नाही," तो म्हणाला.

"पुन्हा एकदा नीट बघा," मी म्हणाले.