सईचा पाटा

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. शिक्षण चौथीपर्यंत, पण अडाणी नाही. तरी हे लिहितेय.

मी कुवेतला, एगैला नावाच्या वस्तीत मुलाकडे राहते. नात सई कॉलेज संपवून बोलिव्हियाच्या डोंगरात एका खेड्यात फुकट शिकवायला गेली. तिथे स्पॅनिश बोलतात. मातीची खोली, वर पत्रा, गढूळ पाणी, गादीत पिसवा. संडास लांब, रेंज फक्त खिडकीशी. "इथे काय कमी होतं गं, मसणात जायला?" "आजी, चिल!"

रोज उकडलेले बटाटे खाऊन कंटाळली. मीच म्हटलं, "सपाट दगड बघ, मिरची वाट." तिने घरामागचा दगड उचलून आणला. जवळच्या सगळ्या मिरच्या एकदम वाटल्या.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत पोरं येईनात. शेजारीण तिला बघून थुंकायची, दार लावून घ्यायची. सईला ताप चढला. दवाखाना सहा तासांवर.

आणि इकडे दुपारी आमच्या स्वयंपाकघरातून वाटण्याचा आवाज... घर्र, घर्र. आमच्याकडे मिक्सर आहे, पाटा नाही! आत गेलं की बंद. मुलगा इथल्याच शुऐब्याच्या कारखान्यात इंजिनियर — म्हणाला, "आई, वर कोणी ड्रिल मारत असेल." वर गच्ची आहे.

दहाव्या दिवशी सईशी बोलताना तोच आवाज फोनमधून आला — आणि माझ्या पाठीमागूनही.

"कोण वाटतंय गं?"

"कोणी नाही, आजी. मी खिडकीशी अंथरूण ओढून पडलेय."

"तो दगड होता कसा?"

"त्यावर वाळलेली फुलं होती. मी झाडून टाकली."

"अगं भवाने, तो त्या गावाचा राखणदार! आपल्या कोकणात असा दगड हलवला असतास तर आजोबांनी तंगडं मोडलं असतं. आत्ता ठेवून ये. वर दूधभात ठेव."

"दूध नाही. बटाटा आहे."

"बटाटा ठेव! आणि माफी माग, मराठीत चालेल."

ती भिंत धरून धरून गेली. आवाज थांबला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ताप काय, उतरतोच. ते मी धरत नाही.

पण सई म्हणाली, "आजी, परत ठेवायला दगड उचलला तेव्हा ओला होता. वर ताजं लाल वाटण."

मिरची पहिल्याच दिवशी संपली होती.

मुलगा अजून कारण शोधतोय. मला सापडलं नाही. दगड आण म्हणून मी सांगितलं होतं, एवढं मात्र ठाऊक आहे.